आकडा आधी की पाहणी?

मुंबई उच्च न्यायालयाच्या इमारतीचे काम एप्रिल 1871 मध्ये सुरू झाले आणि नोव्हेंबर 1878 मध्ये संपले. कर्नल जेम्स फुलर यांच्या आराखड्यावर उभ्या राहिलेल्या या 562 फूट लांबीच्या गॉथिक वास्तूवर 16,44,528 रुपये खर्च झाले. मंजूर रक्कम याहून 2,668 रुपयांनी जास्त होती, म्हणजे काम अंदाजपत्रकात बसून वर थोडे उरलेही. आज याच इमारतीच्या, किंवा तिच्या रांगेतल्या जुन्या सचिवालयाच्या दुरुस्तीचा खर्च इतक्या नेमकेपणाने आधी सांगतो असे कुणी म्हणाला, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये असे माझे मत आहे. पण सरकारी कामाची सगळी यंत्रणा त्याच्याकडून नेमके तेच मागते, आणि वाद इथूनच सुरू होतो. तो वाद मी खाली दोन पात्रांच्या तोंडी घातला आहे. एक सार्वजनिक बांधकाम विभागातून निवृत्त झालेले अधीक्षक अभियंता, दुसऱ्या संवर्धनाची कामे करणाऱ्या वास्तुविशारद. दोघेही कल्पित आहेत, त्यांचे मुद्दे मात्र अशा कोणत्याही इमारतीच्या बैठकीत ऐकू येतात. मी स्वतः तटस्थ नाही, त्यामुळे मधूनमधून बोलणार आहे.

अभियंता : मॅडम, तुम्ही आम्हाला आकड्यांचे गुलाम म्हणता. म्हणा. पण फुलरसाहेबांचा तो हिशेब ज्या शिस्तीत जमला, तीच शिस्त आम्ही चालवतो. अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश, मोजमाप पुस्तक, देयक. यातली एकेक पायरी कुणीतरी कधीतरी हात मारला म्हणून घातलेली आहे. तुम्ही सांगता, भिंत उघडल्याशिवाय काही सांगता येत नाही. हे वाक्य प्रामाणिक वास्तुविशारद बोलतो आणि लबाड ठेकेदारही बोलतो, अगदी त्याच शब्दांत. दोघांतला फरक ओळखायला माझ्याजवळ साधन काय? आधी लिहून ठेवलेला आकडा, दुसरे काही नाही. तो नसेल तर लेखापरीक्षणाचा आक्षेप माझ्या नावावर येतो आणि निवृत्तीनंतरही पाठ सोडत नाही. तुमच्या नावाचा तिथे उल्लेखही नसतो.

वास्तुविशारद : साहेब, फुलरांचे उदाहरण तुम्ही काढलेत हे बरे झाले. ते नवी इमारत बांधत होते. किती दगड लागेल, किती सागवान लागेल, हे नकाशावरून मोजता येत होते, कारण इमारत आधी नकाशावरच होती. दुरुस्तीत उलट असते. परिमाण भिंतीच्या पोटात, तक्तपोशीच्या वर, फरशीच्या खाली लपलेले असते. लंडनच्या संसदेचा घड्याळाचा मनोरा घ्या, ज्याला लोक बिग बेन म्हणतात. 2016 मध्ये त्याच्या दुरुस्तीचा आकडा सांगितला गेला 2.9 कोटी पौंड. वर्षभरात तो 6.1 कोटी झाला आणि 2020 मध्ये जवळपास 8 कोटींवर गेला. कारण परांची बांधून माणसे वर चढली तेव्हा कुठे दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्याचे नुकसान नीट दिसले, घंटाघरात अ‍ॅस्बेस्टॉस सापडले, रंगात शिसे निघाले, तबकड्यांच्या काचा तडकलेल्या आढळल्या. ही सगळी दुखणी 2016 मध्येही तिथेच होती. आकडा आधी ठरला आणि पाहणी नंतर झाली, एवढाच त्याचा अर्थ.

इथे मला एक गोष्ट घालायची आहे. वाढलेल्या खर्चाची बातमी येते तेव्हा आपण ती एकाच रकान्यात टाकतो : घोटाळा. प्रत्यक्षात वाढ दोन तऱ्हेची असते. एक, ठरलेल्या कामाला जास्त पैसे दिले जातात. दुसरी, काम मुळातच जास्त होते आणि ते उशिरा कळले. पहिलीला लेखापरीक्षणाचे औषध लागू पडते, दुसरीला नाही. उलट आकडा आधीच बांधून ठेवल्याने दुसरी वाढ चोरट्या वाटेने बाहेर पडते. ठेकेदार कमी टक्क्याने निविदा भरतो, काम सुरू होते, मग ‘जादा बाबी’ निघू लागतात आणि प्रत्येक बाबीवर घासाघीस चालते. ज्या आकड्याने जनतेच्या पैशाचे रक्षण करायचे तोच सौदेबाजीचा पहिला भाव ठरतो. अभियंतासाहेबांच्या युक्तिवादाची खरी कसोटी इथे आहे, आणि त्यांची शिस्त या कसोटीला पुरी उतरत नाही.

अभियंता : बरे, पाहणी आधी करू. पण त्या पाहणीचे पैसे कोणत्या लेखाशीर्षातून काढायचे? पाहणीवर पन्नास लाख खर्च करून मी हातात काय देणार, तर एक जाडजूड अहवाल. लोकप्रतिनिधी विचारतील, पैसे गेले, पण गळती थांबली का? आणि सल्लागारांचे अहवाल मी कमी पाहिले नाहीत, मॅडम. निम्मा इतिहास, निम्मी छायाचित्रे, आणि शेवटी ‘अधिक अभ्यासाची गरज आहे’.

वास्तुविशारद : असे अहवाल लिहिणारे आहेत, नाकारत नाही. म्हणून मी अहवाल मागत नाही, पहिले कंत्राटच पाहणीचे मागते. त्यात मोजून घेता येतील अशा बाबी असतील. एका खणाची तक्तपोशी उतरवून तुळयांची भिंतीतली टोके तपासायची, कारण सागवान कुजते ते मध्यावर नव्हे, ओल धरणाऱ्या टोकाशी. गिलाव्याचे नमुने काढून मूळ चुना कुठवर आहे आणि सिमेंट कुठून सुरू होते हे पाहायचे. भिंतींच्या ओलीची नोंद उन्हाळ्यात एकदा आणि भर पावसाळ्यात एकदा घ्यायची. मुंबईत मे महिन्यात केलेली पाहणी निम्मी खोटी असते, कारण पाणी कुठून शिरते हे जुलैलाच कळते. पन्हळी आणि पावसाच्या पाण्याचे नळ कुठे तुंबतात ते पाणी सोडून पाहायचे. आणि शेवटी एक नमुना खण पूर्ण दुरुस्त करून दाखवायचा, छतापासून फरशीपर्यंत. त्या एका खणाला लागलेले दिवस, गवंडी, चुना, दगड, लाकूड यांची नोंद म्हणजेच तुमच्या अंदाजपत्रकाचा पाया. मग तुम्ही दिलेला आकडा दरसूचीतून ओढून आणलेला नसेल, त्याच इमारतीने दिलेला असेल.

या मागणीत अवास्तव काय आहे, ते मला दिसत नाही. रस्ता बांधण्याआधी मातीची चाचणी होते, पूल बांधण्याआधी नदीच्या तळाला छिद्रे पाडून खडक तपासतात, आणि त्या खर्चाला कोणी वायफळ म्हणत नाही. दीडशे वर्षांच्या इमारतीलाच तेवढी ही सवलत नाकारली जाते, कारण ती डोळ्यांसमोर उभी असते आणि दिसते म्हणजे कळते असे आपण धरून चालतो. शिवाय या इमारतींची दुखणी बहुधा आपणच लावलेली असतात. मुंबईच्या गॉथिक इमारती कुर्ला, मालाड, पोरबंदरच्या दगडाच्या. दगड चुन्यात बसवलेला, चुना ओल घेतो आणि सोडतोही. पुढच्या पिढ्यांनी गळती दिसली की सिमेंटचा गिलावा केला, सांधे सिमेंटने भरले. सिमेंट पाणी अडवते हे खरे, पण आत शिरलेले पाणीही ते अडवून ठेवते. मग ओल दगडाच्या वाटेने बाहेर येते, सोबत क्षार आणते, आणि ते क्षार पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन दगडाचे पापुद्रे काढतात. गच्ची गळते म्हणून विटांच्या तुकड्यांचा कोबा घातला, तो गळला म्हणून त्यावर दुसरा, आणि हा सगळा भार खालच्या लाकडी तुळयांवर. भिंतीतले लोखंड गंजून फुगते आणि भोवतालचा दगड फोडते. दर्शनी कमानीत वातानुकूलन यंत्राची पेटी, तिचे पाणी खालच्या नक्षीवर, नक्षीच्या बेचक्यात पिंपळ. पिंपळ वरून छाटला जातो आणि मुळे आत वाढत राहतात. यातली एकही गोष्ट दुष्टपणाने झालेली नाही. प्रत्येक वेळी कुणीतरी मंजूर तरतुदीत, वेळेत, नियमाप्रमाणे दुरुस्ती केली होती.

अभियंता : चुन्याचे पुराण मी ऐकत आलो आहे. चुना भिजवून मुरवायला आठवडे, लावल्यावर घट्ट व्हायला महिने. घाणीवर चुना मळणारा गवंडी मिळत नाही, पाथरवट मिळत नाही, मिळाला तर दरसूचीत त्याचा दर नाही. आणि मॅडम, ही कार्यालये आहेत, देवळे नाहीत. तिथे संगणक हवेत, तारा हव्यात, उद्वाहन हवे, अग्निशमनाची पाइपलाइन हवी, अपंगांसाठी उतार हवा. 1878 च्या माणसाला यातले काही लागत नव्हते. मूळ रूप म्हणून तुम्ही सगळ्याला नाही म्हणाल, तर उद्या तिथे लोक काम करणार कसे?

वास्तुविशारद : नाही म्हणणारे संवर्धक असतात, आणि त्यांच्यामुळे आमची बाजू लंगडी होते. मी उद्वाहनाला हो म्हणते, फक्त ते कुठे बसवायचे हे कमानी मोजून ठरवू या. तारांना हो म्हणते, पण एका ठरलेल्या मार्गातून, पुन्हा काढता येतील अशा. खोटी तक्तपोशी लावून त्याआड सगळे कोंबले की वरची गळती दहा वर्षे कुणाला दिसत नाही, आणि आगीलाही तिथे मोकळे रान मिळते. दरसूचीत दर नाही म्हणता, तर नमुना खणावर दर काढू. कारागिरांचेही तसेच आहे. कामे सलग निघाली तर कारागीर तयार होतात. दहा वर्षांतून एकदा घाईने बोलावले तर कोण थांबेल तुमच्यासाठी?

साहेब इथे थोडे नमतात असे समजू, कारण त्यांचा भक्कम आक्षेप अजून बाकी आहे, आणि तो मी दुबळा करून मांडणार नाही.

अभियंता : मग रिकाम्या इमारतीत करा ना हे सगळे! पण ती रिकामी कोण करून देणार? न्यायालय एक दिवस बंद राहिले तर तारखा पुढे जातात. मंत्री दालन सोडत नाहीत, विभाग मजला सोडत नाहीत, कारण सोडलेली जागा परत मिळेल याची कोणालाच खात्री नसते. त्यामुळे आम्ही एक भाग बंद ठेवून तीन भाग चालू ठेवतो, रात्री तोडफोड करतो, सकाळी झाडून देतो. हे आदर्श नाही, पण लोकशाहीत राज्यकारभार आधी येतो.

वास्तुविशारद : राज्यकारभारच आधी असे मानणाऱ्यांनी वेस्टमिन्स्टरकडे, म्हणजे लंडनच्या त्याच संसदेकडे पाहावे. तिथल्या तळघरात वाफेचे जुने नळ आणि विजेच्या तारा एकमेकांना लागून आहेत, आग लागू नये म्हणून चोवीस तास गस्त असते. 2012 मध्ये इमारतीच्या अवस्थेचा अभ्यास झाला. 2015 मध्ये स्वतंत्र तज्ज्ञांनी पर्याय मांडले : दोन्ही सभागृहे पूर्ण हलवली तर साधारण सहा वर्षे आणि 3.5 अब्ज पौंड, खासदार आतच बसून तुकड्यातुकड्याने काम केले तर 32 वर्षे आणि 5.7 अब्ज. जानेवारी 2018 मध्ये कॉमन्स सभागृहाने 236 विरुद्ध 220 मतांनी इमारत सोडण्याच्या बाजूने कौल दिला, 2019 मध्ये कायदा केला, त्यासाठी स्वतंत्र प्रायोजक मंडळ नेमले. मग पुन्हा मन फिरले. 2022 च्या अंदाजात पूर्ण रिकामी करण्याचा खर्च 7 ते 13 अब्ज आणि 19 ते 28 वर्षे, आतच राहण्याचा 11 ते 22 अब्ज आणि 46 ते 76 वर्षे. ते प्रायोजक मंडळही मग मोडीत काढले. इमारत अजून तशीच आहे, आणि निव्वळ ठिगळे लावण्यावर आठवड्याला सुमारे 20 लाख पौंड जातात असे तिथल्या लोकलेखा समितीने 2023 मध्ये नोंदवले.

अभियंता : पाहा, म्हणजे तुमच्या आवडत्या पर्यायाचा आकडाही दुपटीच्या वर गेला! साडेतीनाचे तेरा झाले. आणि तुम्ही मला सांगता, आकड्यावर विसंबू नका.

हा टोला चांगला आहे, आणि त्याचे उत्तर मीच देतो. दोन्ही पर्यायांचे आकडे वाढले, पण त्यांच्यातले अंतर दोन्ही वेळा एकाच दिशेचे राहिले : आत राहून केलेले काम जास्त महाग आणि कितीतरी जास्त लांबणारे. व्यवस्थापकाला पहिल्या दिवशी नेमका आकडा मिळत नाही, पण पर्यायांचा क्रम मिळतो, आणि निर्णयाला तेवढा पुरतो. दुसरे म्हणजे न ठरवणे फुकट नसते. खासदार वाद घालत बसले त्या सात वर्षांतल्या ठिगळांचा खर्चही शेवटी करदात्यानेच भरला. उलट उदाहरणे आहेत. ऑस्ट्रियाची संसद 2017 मध्ये व्हिएन्नातच होफबुर्ग राजवाड्याच्या आवारात हलली आणि दुरुस्ती आटोपून जानेवारी 2023 मध्ये आपल्या घरी परतली. कॅनडाच्या संसदेनेही मधली इमारत रिकामी केली आणि लोकसभागृह शेजारच्या इमारतीच्या काच लावून झाकलेल्या चौकात बसू लागले. राज्यकारभार दोन्हीकडे चालू राहिला. जाता जाता, वेस्टमिन्स्टरचा जुना राजवाडा 1834 मध्ये जळाला तो हिशेबाच्या जुन्या लाकडी काठ्या तिथल्याच शेगड्यांत जाळताना. नव्या बांधकामाचा चार्ल्स बॅरी यांचा अंदाज सव्वासात लाख पौंडांच्या आसपास होता, प्रत्यक्षात वीस लाखांवर गेला. फुलरांची शिस्त सर्वांना जमत नाही, नव्या बांधकामातही.

अभियंता : व्हिएन्ना, ओटावा राहू द्या. मुंबईचे बोला.

वास्तुविशारद : भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय महानगरपालिकेच्याच मालकीचे. 1872 मध्ये उघडलेले. 2003 मध्ये महानगरपालिका, वारसा जपणारी संस्था इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात त्रिपक्षीय करार झाला, दुरुस्तीला 2005 मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिकचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, 2008 मध्ये ते लोकांसाठी पुन्हा खुले झाले. बंद ठेवून काम केले आणि कोण काय करणार हे आधी लिहून ठेवले.

अभियंता : संग्रहालय बंद ठेवता येते, आणि तिथे देणगीदार होता.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण देणगीने पैसा येतो, निर्णय येत नाही, आणि सरकारी इमारतींत तुटवडा निर्णयाचा असतो. एका न्यायालयाच्या इमारतीत किती हात गुंतलेले असतात ते पाहा : वापरणारे खाते, बांधकाम विभागाची स्थापत्य शाखा, विद्युत शाखा, अग्निशमन दल, महानगरपालिका, आणि 1995 च्या नियमावलीपासून मुंबईत काम पाहणारी वारसा संवर्धन समिती. शिवाय 2018 पासून ओव्हल मैदानाभोवतीच्या या इमारती जागतिक वारशातल्या. प्रत्येकाला नकाराचा अधिकार आहे, होकाराची जबाबदारी कुणावरच नाही. वेस्टमिन्स्टरमध्ये तरी दुसरे काय झाले? भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या कराराचे मोल माझ्या लेखी त्यातल्या देणगीपेक्षा त्या लिखित वाटणीत जास्त आहे.

‘सर्वात कमी दराचीच निविदा’ हे कारणही आता पूर्वीइतके पक्के राहिलेले नाही. केंद्रीय वित्त मंत्रालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये काढलेल्या सूचनांनुसार गुणवत्तेला महत्त्व असलेल्या कामांत दराबरोबर गुणवत्तेलाही भारांक देता येतो, जास्तीत जास्त 30 टक्के. ज्या ठेकेदाराने कधी चुना हाताळला नाही त्याला गॉथिक कमान देण्याची सक्ती मग कोणता नियम करतो? दुसऱ्या बाजूने वास्तुविशारदांनाही एक बंधन घालायला हवे. ‘उघडल्यावर कळेल’ हे वाक्य पाहणीच्या कंत्राटातच चालावे. त्यानंतर त्यांनी आकडा द्यावा, किमान आणि कमाल मर्यादेसह, आणि कमाल ओलांडली तर कारण लेखी सांगावे. अभियंत्यांच्या शिस्तीतले जे टिकवण्यासारखे आहे ते यात टिकते.

एक मुद्दा दोघांनीही टाळला, कारण त्यात उद्घाटनाची फीत नाही. विल्यम मॉरिसने 1877 मध्ये जुन्या इमारतींसाठी संस्था काढली तेव्हा तिच्या जाहीरनाम्याचा भर मोठ्या जीर्णोद्धाराच्या विरोधात आणि रोजच्या निगेच्या बाजूने होता. उच्च न्यायालयाची इमारत तेव्हा पुरी व्हायची होती. पन्हळ साफ ठेवणे, सरकलेले कौल त्याच आठवड्यात बसवणे, पिंपळाचे रोप दोन पानांचे असताना मुळासकट काढणे, यासाठी कोट्यवधी लागत नाहीत, एक नेमलेला माणूस आणि दरवर्षीची छोटी तरतूद लागते. मोठ्या दुरुस्तीच्या प्रत्येक कंत्राटात पुढच्या दहा वर्षांची निगा धरली नाही, तर ती दुरुस्ती अर्धवट समजावी.

हा सगळा वाद आता पुस्तकी राहिलेला नाही. उच्च न्यायालयाचे नवे संकुल वांद्र्याला उभे राहते आहे. तिकडे कारभार हलला की फुलरांच्या इमारतीतली दालने रिकामी होतील, आणि रिकामी इमारत ही संवर्धनाला क्वचित मिळणारी संधी असते. ती मिळाल्यावर पाहणीचे कंत्राट काढायला बसलो तर दोन-तीन पावसाळे फुकट जातील आणि तोवर मोकळ्या दालनांत कुणीतरी फायली रचून ठेवलेल्या असतील. राज्य सरकारने पाहणीची तरतूद आणि निर्णय घेणारा एक अधिकारी नावानिशी आत्ताच, न्यायालय तिथे असतानाच, जाहीर करावा.